किटमधून बांधायचं अल्ट्रालाइट आणि मोटर ग्लायडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण तीन प्रकारच्या लोकांकडून येतात: एरोमॉडेलिंगमधून पुढे सरकलेले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, अमेरिकेत नोकरी करणारे आणि गॅरेजमध्ये जागा असलेले मराठी लोक, आणि पुण्यात हडपसरला ग्लायडर विंचने (दोर ओढणाऱ्या यंत्राने) वर जाताना पाहून आलेले. नियमांचे आकडे मुख्यतः अमेरिकेचे आहेत, कारण अशी बहुतेक किट तिथल्या नियमांकडे बघूनच आखली गेली. भारताचं वेगळं उत्तर प्रश्न १५ मध्ये आहे.

१. अल्ट्रालाइट म्हणजे नेमकं काय? मोटर ग्लायडर त्यातच येतो का?

दोन्ही वेगळ्या चाळण्या आहेत. अमेरिकेत १९८२ साली आलेल्या 'भाग १०३' या नियमानुसार अल्ट्रालाइट एकाच माणसाचं असतं. रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा कमी, म्हणजे सुमारे ११५ किलोच्या आत. इंधन ५ अमेरिकन गॅलन, म्हणजे १९ लिटर. सरळ पातळीत पूर्ण जोरावर वेग ५५ नॉटच्या वर जाता कामा नये आणि इंजिन बंद असताना स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाही तो वेग) २४ नॉटच्या, म्हणजे ताशी ४४ किलोमीटरच्या वर नको. एवढं पाळलं की नोंदणी नाही, लायसन्स नाही, वैद्यकीय तपासणी नाही. मात्र उड्डाण दिवसाउजेडी करायचं आणि दाट वस्तीवरून जायचं नाही.

मोटर ग्लायडर म्हणजे स्वतःचं इंजिन असलेला ग्लायडर, आणि त्याची व्याख्या वजनावर थांबत नाही. प्रमाणीकरणाच्या नियमांत कमाल वजन ८५० किलोपर्यंत, आसनं जास्तीत जास्त दोन, आणि किलोमधलं कमाल वजन भागिले मीटरमधल्या पंखविस्ताराचा वर्ग हे उत्तर ३ च्या आत हवं. एखादं विमान दोन्ही चाळण्यांतून जाईल, एखादं एकातूनही जाणार नाही.

२. पंखविस्ताराचा वर्गच का? पंखाचं क्षेत्रफळ का नाही?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो. लोकांची पत्रं इंजिनापासून सुरू होतात. आराखडा पंखविस्तारापासून सुरू व्हायला हवा.

पंख हवा खाली ढकलतो म्हणून विमान वर राहतं. आखूड पंखाला थोडीच हवा सापडते, मग ती जोरात खाली ढकलावी लागते. लांब पंख जास्त हवा हलकेच ढकलतो. या ढकलण्याची किंमत म्हणजे प्रेरित ड्रॅग (ड्रॅग म्हणजे विमानाला मागे खेचणारा हवेचा अडथळा). ठरावीक वेगाला तो वजनाच्या वर्गाच्या समप्रमाणात आणि पंखविस्ताराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पंखाची रुंदी त्यात थेट येतच नाही. पंखविस्तार दीडपट केला तर हा ड्रॅग निम्म्याहूनही कमी होतो. कमी वेगात, म्हणजे थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) घिरट्या घालताना, एकूण ड्रॅगचा मोठा वाटा हाच असतो.

क्षेत्रफळ ठरवतं ते स्टॉलचा वेग. त्याचा हिशोब प्रश्न ४ मध्ये.

३. हा ३ चा नियम खऱ्या किटमध्ये कसा दिसतो?

विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश इथल्या सोनेक्स कंपनीची दोन किट शेजारी ठेवा. दोन्हींचे आरेखक जॉन मॉनेट. सोनेक्स हे दोन आसनांचं, पत्र्याचं साधं विमान: पंखविस्तार २२ फूट, कमाल वजन ११०० पौंड. म्हणजे ४९९ किलो आणि ६.७ मीटर. भागाकार ११ च्या आसपास येतो. मोटर ग्लायडरच्या व्याख्येच्या जवळपासही नाही.

त्याच घराण्यातलं झेनोस: पंखविस्तार ४५.७ फूट, कमाल वजन १२७५ पौंड, म्हणजे १३.९३ मीटर आणि ५७८ किलो. भागाकार २.९८. हे आकडे पाहिले की आरेखनाचं टेबल डोळ्यांसमोर येतं: वजन आणखी पाच-सहा किलो वाढवलं असतं तर व्याख्या हातची गेली असती. झेनोसचा पंख एवढाच लांब का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर वायुगतिकीत आहे आणि अर्धं नियमाच्या या ओळीत.

४. ११५ किलोंत बरा ग्लायडर बसतो का?

बसतो, पण कोंबून. आधी स्टॉलचा हिशोब. विमान ११५ किलो, चालक ८५, पेट्रोल १४: एकूण २१४ किलो. २४ नॉटला, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा खाली वळणारा भाग) नसलेला चांगला पंख दर चौरस मीटरला साधारण १५ किलो उचलतो (लिफ्टचा, म्हणजे पंखाच्या उचलण्याच्या क्षमतेचा, कमाल गुणांक १.६ धरला आहे). म्हणजे १४ चौरस मीटर पंख लागला. फ्लॅप लावून गुणांक २ पर्यंत नेला तर सव्वाअकरा चौरस मीटरवर भागतं. पण फ्लॅपची यंत्रणा फुकट येत नाही, तिचंही वजन आहेच.

आता विरुद्ध टोक. मॉनेट यांनीच १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'मोनी' नावाचा एकट्याचा मोटर ग्लायडर किटमधून विकला. पत्र्याचा, व्ही शेपटीचा, एका चाकावर उभा राहणारा, २२ हॉर्सपॉवरच्या केएफएम इंजिनाचा. पंखविस्तार साडेआठ मीटरच्या थोडा आत, पंखाचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर, रिकामं वजन सुमारे ११८ किलो. लोक म्हणतात, तीन किलोंनी अल्ट्रालाइट व्हायचं राहिलं. पण वजन हा तिथला लहान अडसर होता. वरच्या हिशोबाने २४ नॉटला तो पंख जेमतेम १०६ किलो उचलतो, म्हणजे रिकामं विमानसुद्धा नाही. मोनी देखणा आहे आणि एक नमुना स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे, पण तो प्रायोगिक विमान म्हणून नोंदवूनच उडवावा लागतो.

म्हणून ११५ किलोंतला ग्लायडर दिसायला मोनीसारखा नसतो. त्याचा पंख मोठा आणि हलका असतो, वेग कमी असतो, बहुधा वर कापड असतं. ढोबळ वाटणी सांगायची तर पंखांना ४० किलो, इंजिन, रिडक्शन (प्रोपेलरचे फेरे कमी करणारी जोडणी) आणि प्रोपेलर मिळून २५ ते ३०, आणि उरलेल्यात धड, शेपूट, चाक, सीट, पट्टे आणि कंट्रोल. रंगाचा एक जादा हात दिला तरी त्यात किलो-दोन किलो सहज जातात.

५. इंजिन किती हॉर्सपॉवरचं घेऊ?

वाटतं त्यापेक्षा कमी. वरचंच २१४ किलोंचं विमान ताशी ७२ किलोमीटरने उडतंय आणि ग्लाइड रेशो (इंजिनाविना, गमावलेल्या उंचीच्या किती पट अंतर पुढे जातं तो आकडा) १५ आहे असं धरा. ड्रॅग १४० न्यूटन, त्याला लागणारी शक्ती २.८ किलोवॉट. छोट्या प्रोपेलरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर इंजिनाकडून ४.७ किलोवॉट, म्हणजे सहा-साडेसहा हॉर्सपॉवर. पातळीत राहायला एवढं पुरतं. सेकंदाला २ मीटर चढायचं असेल तर आणखी ७ किलोवॉट. एकूण १६ हॉर्सपॉवरच्या आसपास. उन्हाळ्याची पातळ हवा, गवताची धावपट्टी आणि थोडं थकलेलं इंजिन धरून २५ घ्या. व्हिटोराझीचं मॉस्टर १८५ किंवा हिर्थचं एफ-३३ अशी एका सिलिंडरची इंजिनं याच पट्ट्यातली आहेत.

कॅनडाच्या डेल क्रेमर यांचं लेझेर हे १९७८ चं अल्ट्रालाइट तर सुरुवातीला लाकूड कापायच्या चेनसॉच्या दोन इंजिनांवर उडायचं, प्रत्येकी साडेपाच हॉर्सपॉवर. लांब, स्वच्छ पंख असल्यामुळेच ते जमलं. चढण मात्र अगदीच बेताची होती, आणि पुढच्या आवृत्त्यांत साडेनऊ हॉर्सपॉवरची रोटॅक्स १८५ आली.

५० हॉर्सपॉवर बसवून 'सुरक्षित' होऊ पाहणाऱ्यांना एवढंच सांगतो: जड इंजिनाला जड माउंट लागतो, त्याला जड धड लागतं, आणि मग स्टॉल सांभाळायला मोठा पंख लागतो.

६. इंजिन नाकावर, मागे, की घडी घालून आत?

नाकावरचं सगळ्यात सोपं. थंड हवा मिळते, वजन चालकाच्या पायांपुढे जाऊन तोल साधतो, दुरुस्ती उभ्याने करता येते. ग्लाइड करताना मात्र समोर प्रोपेलर उभा असतो.

मागे, पंखाच्या वर बसवलं तर समोरचं दृश्य मोकळं होतं, पण थ्रस्टची, म्हणजे प्रोपेलरच्या ढकलण्याची, रेषा गुरुत्वमध्याच्या बरीच वर जाते. थ्रॉटल उघडला की नाक खाली जातं आणि इंजिन अचानक बंद पडलं की नाक वर येतं. नवख्याला हे उलटं वाटतं. शिवाय मागच्या प्रोपेलरच्या वाटेत सुटा नट, टोपी किंवा चष्मा येता कामा नये.

घडी घालून धडात जाणारं इंजिन ग्लाइडसाठी उत्तम. पण खांब, स्क्रू-जॅक, दारं आणि त्यांचे स्विच मिळून वजन आणि बिघाडाच्या जागा दोन्ही वाढतात. इंजिन बाहेर आलंय पण चालू होत नाही, ही त्याची सगळ्यात वाईट अवस्था, कारण तेव्हा ग्लाइड रेशो एकदम कोसळतो. पहिल्या किटसाठी मी नाकावरचंच सुचवतो.

७. हवेत इंजिन बंद केलं की प्रोपेलर काय करतो?

फिरत राहिला तर ब्रेकचं काम करतो, थांबला तर कमी अडवतो, आणि पाती वाऱ्याला समांतर झाली तर जवळजवळ अडवतच नाही. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेलच्या सिनसमध्ये पाती अशी फिरवता येतात. पंधरा मीटरला किंचित कमी पंखविस्तार आणि २७ च्या आसपास ग्लाइड रेशो यांत त्या प्रोपेलरचाही वाटा आहे. याच सिनसमध्ये बसून मातेव्झ लेनार्चिच २००४ साली एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. सिनसचाच आखूड पंखांचा भाऊ व्हायरस, आणि त्याची एक आवृत्ती भारतात 'गरुड' नावाने एनसीसी आणि हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी घेण्यात आली.

इंजिन पुन्हा चालू होईलच, हे गृहीत धरून कधीही बंद करू नये. उतरायचं शेत आधी हेरायचं, मग किल्ली फिरवायची.

८. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? आणि पंपावरचं पेट्रोल चालेल का?

११५ किलोंच्या आत टू-स्ट्रोकला फारसा पर्याय नाही. हलकं असतं, पण त्याला शिस्त लागते. ग्लाइडमध्ये गार झालेल्या इंजिनाला एकदम पूर्ण थ्रॉटल दिला तर पिस्टन लवकर फुगतो, सिलिंडर मागे राहतो आणि इंजिन जाम होतं. त्यामुळे चालू केल्यावर थोडा वेळ कमी जोरावर तापू द्यायचं. दोन आसनांच्या मोटर ग्लायडरला ८० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स ९१२ किंवा जबिरू यांसारखं फोर-स्ट्रोक परवडतं.

पेट्रोलचा प्रश्न भारतात जास्त टोचतो, कारण पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी वाढलं की ते इथेनॉलसकट तळाला जमतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये त्या थराबरोबर वंगण जात नाही. काही जुन्या रेझिनच्या फायबरग्लास टाक्या आणि रबरी नळ्या इथेनॉलने खराब होतात. इंजिन बनवणाऱ्याने किती टक्क्यांपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, तेवढंच माना. पेट्रोल टाकीत महिनोन्महिने ठेवू नका, पावसाळ्यात तर नकोच.

९. इलेक्ट्रिक केलं तर?

विमानापेक्षा मोटर ग्लायडरला बॅटरी जास्त शोभते, कारण त्याला तासभर शक्ती नको असते. पाच मिनिटं पुरतात. २३० किलोंचं विमान ६०० मीटर चढवायला, ड्रॅग आणि प्रोपेलर-मोटरचं नुकसान धरून, सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. चार युनिटचा पॅक साधारण २५ किलोंचा होतो: दोन चढाया आणि गाठीला थोडी शिल्लक. पिपिस्ट्रेलचं टॉरस इलेक्ट्रो याच तत्त्वावर दोघांना घेऊन चढतं. अडचण भाग १०३ ची आहे. पेट्रोल रिकाम्या वजनात मोजत नाहीत, बॅटरी मोजतात.

१०. पत्रा, लाकूड, नळ्या-कापड की फायबर?

जे काम तुमच्या हाताला येतं ते. पत्र्याच्या किटमध्ये भोकं आधीच पाडलेली येतात आणि पॉप रिव्हेट एकट्याने मारता येतात. चूक दिसते आणि दुरुस्त होते. ६०६१-टी६ या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या नळ्या आणि वर डॅक्रॉनचं कापड हा अल्ट्रालाइटचा जुना आणि वजनाला सगळ्यात दयाळू मार्ग. लाकूड सुंदर, पण गोंदाचा सांधा आतून कसा आहे हे बाहेरून कळत नाही, आणि कोकणातल्या दमटपणात ते सांभाळणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

फायबरमध्ये पृष्ठभाग सर्वांत गुळगुळीत मिळतो, म्हणून वेगवान ग्लायडर त्याचेच. पण खोलीच्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांना मऊ पडायला लागतं. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात गडद रंगाचा पंख तेवढा सहज तापतो. अशी विमानं पांढरी दिसतात ती हौस म्हणून नाही. लाल पंखांचं चित्र पाठवून 'असं रंगवू का' विचारणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

११. व्ही शेपूट ही फॅशन आहे का?

अर्धी. तीनऐवजी दोनच पृष्ठभाग, कमी सांधे, आणि शेतात उतरताना शेपूट गवताच्या वर राहते. मोनी आणि झेनोस दोन्हींना ती आहे, लेझेरला उलटी. बदल्यात एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा भाग) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग) यांचं मिश्रण करणारी यंत्रणा लागते, आणि एकूण क्षेत्रफळात फार बचत होत नाही.

१२. ग्लाइड चांगला असेल तर हवेतले ब्रेक कशाला?

चांगला असतो म्हणूनच. ग्लाइड रेशो २० असेल तर कुंपणावर १५ मीटर उंची म्हणजे पुढे ३०० मीटर तरंगणं, आणि जमिनीजवळ पंखाचा ड्रॅग आणखी घटतो. लहान पट्टी तशीच खालून निघून जाते. पंखातून वर येणारे स्पॉइलर किंवा मोठे फ्लॅप हवेतच. वजन वाचवायला ब्रेक काढून टाकणारे आराखडे माझ्याकडे येतात. मी ते पुढे वाचत नाही.

१३. किटच्या पंखाला दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर जोडला तर ग्लाइड वाढेल ना?

वाढेल, आणि इतरही बरंच बदलेल. मोटर ग्लायडर साधारणपणे +५.३ आणि −२.६५ जी (विमानाच्या वजनाच्या तेवढ्या पट भार) या मर्यादांसाठी आखतात आणि मोडण्याचा भार त्याच्या दीडपट धरतात. दहा मीटरचा पंख अकराचा केला की मुळाशी येणारं वाकवणारं बल दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं. दीडपटीची राखीव ताकद तुम्ही गुपचूप खर्च केलीत.

त्याहून धोक्याचा आहे फ्लटर. लांब पंख पिळायला मऊ होतो, एलेरॉनचा (पंखाच्या टोकाजवळच्या, विमान कलवणाऱ्या झडपेचा) तोल बिघडतो, आणि आधी सुरक्षित असलेल्या वेगाला पंख थरथरू लागतो. ते काही सेकंदांत संपतं. शिवाय एलेरॉन दाबला की नाक उलट्या बाजूला जास्त वळतं आणि जुनं रडर अपुरं पडतं. आरेखकाने लांब टोकं दिलेली नसतील तर जोडू नका.

१४. माझं वजन ९५ किलो आहे. चालेल का?

एकट्याच्या हलक्या विमानात चालक हा सगळ्यात जड भाग असतो, विमानाच्या जवळजवळ बरोबरीचा. वजन चालेल की नाही हा पहिला प्रश्न, आणि ते कुठे बसतं हा दुसरा. गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या साधारण २५ ते ३५ टक्क्यांत हवा. सीट गुरुत्वमध्याजवळ असेल तर दहा किलोंचा फरक जाणवत नाही. सीट पुढे असेल तर जड माणसाच्या वजनाने विमानाचं नाक जड होतं आणि हलका माणूस बसला की विमान मागे कलतं. मागे कललेलं जास्त वाईट, कारण स्पिनमधून (स्टॉल होऊन गरगरत खाली येण्यातून) बाहेर येणं अवघड होतं. ५५ किलोंच्या चालकाला म्हणूनच नाकात शिशाची वजनं लागू शकतात. स्टॉलचा वेगही तुमच्या वजनाने बदलतो (प्रश्न ४).

१५. महाराष्ट्रात बांधून उडवता येईल का?

बांधायला कोणी अडवत नाही. उडवायला डीजीसीए, म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, आहे. भाग १०३ सारखा नोंदणीशिवायचा वर्ग भारतात नाही. मायक्रोलाइटलाही (आपल्याकडच्या हलक्या विमानांच्या वर्गालाही) नोंदणी, उड्डाणाची परवानगी आणि चालकाला लायसन्स लागतं. आपल्याकडे याचं ठळक उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं त्यांचं विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं, आणि डीजीसीएची नोंदणी २०१७ साली मिळाली. ते किट नव्हतं आणि अल्ट्रालाइटही नव्हतं, पण कागदांचा रस्ता किती लांब असतो ते त्यातून कळतं. संस्थांच्या पातळीवर बंगळुरूच्या एनएएलने (राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने) १९८० च्या दशकात अमेरिकी आरेखक बर्ट रुटन यांच्या लाँग-ईझीच्या आराखड्यावरून एक संशोधन विमान बांधलं होतं.

माझा सल्ला: पहिला रिव्हेट मारायच्या आधी पत्रव्यवहार सुरू करा, आणि उडायची घाई असेल तर हडपसरला ग्लायडिंग शिका.

१६. अमेरिकेत राहतो. ५१ टक्क्यांचा नियम म्हणजे सगळं मीच बनवायचं का?

नाही. प्रायोगिक, हौशी बांधणीच्या वर्गात विमानाचा मोठा भाग शिक्षण किंवा करमणुकीसाठी हौशी माणसाने बांधलेला असावा लागतो. कामांची यादी करून निम्म्याहून जास्त कामं हौशींची आहेत का ते पाहतात. इंजिन, प्रोपेलर, उपकरणं विकत घेता येतात. मित्रांची मदत चालते, पैसे देऊन दुसऱ्याकडून बांधून घेतलेला भाग तुमच्या खात्यात धरत नाहीत. खऱ्या अल्ट्रालाइटला हा नियम लागू नाही, ते तयारही विकत घेता येतं. कंपनीने सांगितलेल्या तासांना दीडने गुणा, आणि पहिल्या दिवसापासून फोटो काढत जा, तपासनीस ते मागतात.

१७. पॅराशूट बसवलं तर ११५ किलोंत मोजतात का? दोन सीटचं अल्ट्रालाइट चालतं का?

विमानालाच खाली आणणाऱ्या पॅराशूटला २४ पौंडांची, म्हणजे ११ किलोंची, वेगळी सवलत आहे. पाण्यावर उतरायच्या फ्लोटनाही सवलत आहे. ही सवलत फक्त त्याच वस्तूंसाठी, वाचलेले किलो रेडिओला वापरता येत नाहीत. दोन सीटचं मात्र भाग १०३ मध्ये बसत नाही, दुसरी सीट रिकामी ठेवली तरीही.

१८. मोटर ग्लायडर म्हणून नोंदवलं तर अमेरिकेत मेडिकल लागत नाही, हे खरं का?

खरं. तिथे ग्लायडरच्या चालकाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही, इंजिन असलेल्या ग्लायडरलाही नाही. बीपी किंवा शुगरमुळे प्रमाणपत्र अडकलेले पन्नाशीपुढचे लोक झेनोसकडे वळतात ते यामुळेही. पण अटी आहेत. लायसन्स ग्लायडरचं हवं, विमानाचं असून भागत नाही. स्वतःच्या इंजिनावर उड्डाण घेण्यासाठी प्रशिक्षकाची वेगळी नोंद लॉगबुकमध्ये हवी. आणि तब्येत उडण्याजोगी नाही हे माहीत असताना उडायला प्रमाणपत्र नसलं तरी मनाई आहेच. हाच सोनेक्स आखूड पंखांसकट 'ग्लायडर' म्हणून नोंदवता येईल का, असं विचारणाऱ्यांनी प्रश्न ३ मधला भागाकार करून पाहावा.